'छळछावणी' : एका प्रतिशब्दाची चिकित्सा

मराठीतील अलीकडच्या प्रबंधिका, अनुवाद आणि नियतकालिकांतील लेख चाळताना 'छळछावणी' हा शब्द परस्परांपासून फार भिन्न असलेल्या स्थळांना लावलेला आढळतो. म्यूनिकजवळचे डाखाउ, पोलंडमधील ट्रेब्लिंका, सोव्हिएट रशियातील श्रमवसाहती आणि क्वचित दुसऱ्या महायुद्धात अहमदनगरला जर्मन नागरिकांना जेथे अडकवून ठेवले होते ती जागा, ह्या सर्वांचा निर्देश एकाच शब्दाने होतो. उलटपक्षी, पुण्याच्या १८९७ सालच्या प्लेगमध्ये लष्करी पहाऱ्यात उभारलेल्या विलगीकरणाच्या जागा किंवा सोलापूरचे 'सेटलमेंट' ह्यांचा विचार करताना हा शब्द कोणाच्या मनातही येत नाही. एकच शब्द एकीकडे इतका सैल आणि दुसरीकडे इतका संकुचित कसा झाला, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. तो केवळ कोशकाराचा प्रश्न नव्हे. संज्ञा चुकली की इतिहासातील कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीच्या शेजारी ठेवायची हेच चुकते, आणि मग काही गोष्टी कुठेच ठेवल्या जात नाहीत.

प्रथम शब्दाच्या घडणीकडे पाहू. 'छळछावणी' हा सरळसरळ चतुर्थी तत्पुरुष आहे: छळासाठी छावणी. त्यातील उत्तरपद जुने आणि घरचे आहे. 'छावणे' म्हणजे गवताने, पानांनी आच्छादणे. मुळात संस्कृत 'छादन'. पावसाळ्याचे चार महिने लष्कर एका जागी राही, तेव्हा राहुट्यांऐवजी शाकारलेल्या छपरांची गरज पडे, त्यावरून 'छावणी करणे'. चालत्या लष्कराचा तो 'तळ' किंवा 'मुक्काम', थांबलेल्या लष्कराची ती 'छावणी'. म्हणजे ह्या शब्दाच्या मुळाशी दोन कल्पना आहेत: डोक्यावर छप्पर आणि ठरावीक मुदतीचा मुक्काम. दुष्काळातील 'चारा छावणी' ह्या आजच्या प्रयोगातही त्या दोन्ही शाबूत आहेत. सत्याग्रहाच्या काळात 'सत्याग्रहींची छावणी' असे म्हणत, तेव्हाही त्याच.

'कॅम्प' ह्या शब्दाची कथा निराळी आणि अधिक मौजेची आहे. पोर्तुगीज 'काम्पो' मराठीत अठराव्या शतकातच 'कंपू' होऊन आला. शिंद्यांच्या कवायती पलटणींना कंपू म्हणत. आज त्या शब्दाचा अर्थ आपापसात संगनमत करणाऱ्यांचे टोळके एवढाच उरला आहे. त्याच कुळातला 'कॅम्प' इंग्रजीतून पुन्हा आला आणि पुण्यापुरता तर तो एका पेठेचेच नाव झाला. मुळशी तालुक्यातील, जेथे प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य आहे, एखाद्या वयस्क शेतकऱ्यापुढे 'कॅम्प' म्हटले की त्याच्या डोळ्यांसमोर पुण्याचे लष्कर येते, काटेरी तार येत नाही. (देवळालीच्या कॅम्पने तर इंग्रजीलाच एक शब्द दिला. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तेथे महिनोन् महिने कुजलेल्या गोऱ्या सोजिरांच्या चित्तभ्रमावरून 'डूलॅली' हे विशेषण त्या भाषेत रूढ झाले.)

आता मूळ संज्ञेकडे वळावे. 'कॉन्सन्ट्रेशन' ह्या पदात छळाचा लवलेश नाही. त्याचा अर्थ गोळा करणे, एकवटणे. क्यूबामध्ये १८९६ साली स्पॅनिश सेनापती वाय्लर ह्याने खेड्यांतील लोकांना बंडखोरांपासून तोडण्यासाठी तटबंद गावांत आणून कोंडले. त्या धोरणाला 'रेकॉन्सेन्ट्रासिओन' असे कारकुनी नाव होते. दक्षिण आफ्रिकेतील युद्धात १९०० ते १९०२ ह्या काळात इंग्रजांनी बोअर शेतकऱ्यांची घरे जाळली आणि त्यांच्या बायकामुलांना तंबूंच्या वस्त्यांत एकवटले, तेव्हा इंग्रजी संज्ञा रूढ झाली. त्या वस्त्यांत सुमारे २८,००० बोअर मेले, त्यांत बहुसंख्य मुले. आफ्रिकन लोकांसाठी स्वतंत्र छावण्या होत्या. तेथील मृत्यूंची नोंदच धड ठेवली गेली नाही, तरी तो आकडा चौदा हजारांच्या वर जातो. नाझी राजवटीने १९३३ मध्ये ही संज्ञा उचलली ती ह्या इतिहासासकट उचलली.

मूळ संज्ञा ही करणाऱ्याची आहे. ती कचेरीतील आहे, थंड आहे, आणि तिचा थंडपणा हाच तिचा अर्थ आहे. मराठी प्रतिशब्द हा पाहणाऱ्याचा, किंबहुना हळहळणाऱ्याचा आहे. तो उच्चारताच निवाडा होऊन जातो. भाषांतरकाराने निवाडा करू नये असे कोणी म्हणणार नाही. हिंदीनेही 'यातना शिविर' म्हणून तोच केला आहे. परंतु ह्या निवाड्याची किंमत अशी, की यंत्रणा नजरेआड होते. माणसांना काही कृत्यासाठी नव्हे, तर ते ज्या वर्गात मोडतात त्या वर्गासाठी, खटल्यावाचून, एका यादीच्या बळावर एका कुंपणात एकवटणे ही मूळ गोष्ट आहे. छळ हा तिचा परिणाम असतो, कधी हेतूही असतो. पण व्याख्या तो नव्हे.

ह्याची परीक्षा जागेच्या आखणीवरून घेता येते, आणि मला वाटते तीच सर्वांत विश्वसनीय परीक्षा आहे. हेतू लपवता येतात, नकाशा लपवणे कठीण. डाखाउची छावणी २२ मार्च १९३३ रोजी एका जुन्या दारूगोळ्याच्या कारखान्यात सुरू झाली. १९३७-३८ मध्ये कैद्यांकडूनच ती नव्याने बांधून घेण्यात आली. मधोमध सरळ रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना सतरा-सतरा मिळून ३४ बराकी, रस्त्याच्या तोंडाशी हजेरीचे विस्तीर्ण मैदान, पलीकडे स्वयंपाकघर व भांडार असलेली इमारत, सभोवार चर, विजेची तार, भिंत आणि पहाऱ्याचे मनोरे. सहा हजार माणसांसाठी केलेल्या ह्या आखणीत २९ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन सैन्य शिरले तेव्हा तीस हजारांहून अधिक जिवंत होते. ह्या नकाशात राहण्याची जागा, मोजण्याची जागा आणि राबण्याची जागा आहे. छळ येथे रोजचा होता, मृत्यूही रोजचा होता. तरीही 'छावणी' ह्या पदाला येथे आधार आहे, कारण माणसे येथे राहत होती.

ट्रेब्लिंका पाहा. जुलै १९४२ ते १९४३ च्या शरद ऋतूपर्यंत तेथे सात लाखांहून अधिक ज्यू मारले गेले. एवढ्या माणसांसाठी बराकी किती? जवळजवळ नाहीत. आगगाडीचा फलाट, कपडे काढून घेण्याच्या जागा, तारांच्या कुंपणांमधून जाणारी अरुंद वाट, विषारी वायूच्या खोल्या, खड्डे. प्रेते हलविण्यास आणि सामान निवडण्यास जे काही शे कैदी जिवंत ठेवले जात, त्यांच्यापुरतेच तेथे निवाऱ्याचे छप्पर होते. बाकीच्यांनी तेथे एक रात्रही काढली नाही. गाडीतून उतरल्यावर दोन-तीन तासांत सारे संपत असे. ही जागा छावणी नव्हती. 'छावणी' ह्या शब्दातील छप्पर नाही, मुक्काम नाही. आणि 'छळ' ह्या शब्दालाही येथे अवसर नाही, कारण छळासाठी लागणारा वेळच कोणाला दिला जात नव्हता. ट्रेब्लिंकाला 'छळछावणी' म्हणताना आपण एका अपूर्व गोष्टीला आपल्या ओळखीच्या गोष्टीत बसवतो आणि ती लहान करतो. पुष्कळांचा समज असा असतो की कठोर शब्द वापरला म्हणजे सत्याला न्याय मिळाला. येथे कठोर दिसणारा शब्दच सौम्य ठरतो.

ह्याच्या दुसऱ्या टोकाला अहमदनगर आहे, जे २०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. हे शहर बंदिवासाच्या इतिहासात असे वारंवार येते, की त्यावर मराठीत स्वतंत्र ग्रंथ का झाला नाही ह्याचे आश्चर्य वाटते. दक्षिण आफ्रिकेत बोअर स्त्रिया आणि मुले तंबूंत मरत होती, त्याच काळात त्यांचे पुरुष युद्धकैदी म्हणून सेंट हेलेना, बर्म्यूडा, सिलोन आणि हिंदुस्थानात पाठविण्यात आले. त्यांतील काही अहमदनगरला ठेवले गेले. पहिल्या महायुद्धात जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांना येथेच आणले. व्यापारी, खलाशी, मिशनरी असे सर्व प्रकारचे लोक त्यांत होते. त्यांच्या कुटुंबीयांपैकी पुष्कळांना बेळगावला ठेवण्यात आले. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या प्रतिनिधींनी १९१७ च्या प्रारंभी हिंदुस्थान व ब्रह्मदेशातील अशा छावण्यांची पाहणी केली, तीत ही दोन्ही ठिकाणे होती.

दुसरे महायुद्ध पुकारले गेले त्याच वेळी, सप्टेंबर १९३९ मध्ये, हिंदुस्थानातील जर्मन व ऑस्ट्रियन पुरुषांना पकडून पुन्हा अहमदनगरला आणले. येथे यादीचा न्याय नेमका कसा चालतो ते दिसते. यादी पारपत्रावरून झाली होती. त्यामुळे मुंबईतील जर्मन कंपनीचा नाझी पक्षाचा सभासद आणि त्याच नाझींच्या भीतीने देश सोडून आलेला ज्यू डॉक्टर, हे दोघेही 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' ह्या एकाच रकान्यात आले. पुढे चौकशी समिती नेमून ज्यू व नाझीविरोधी मंडळींपैकी अनेकांना सोडण्यात आले; १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडताच त्यांतील काहींना पुन्हा धरले. बौद्ध भिक्षुवृत्तीने राहणारे लामा अनागारिक गोविंद जन्माने जर्मन खरे, पण त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतलेले होते. तरी तेही अहमदनगरला अडकले, आणि तेथे त्यांना त्रास झाला तो पहारेकऱ्यांपेक्षा आतल्या नाझींचाच. असल्या प्रकारांमुळे पुढे डेहराडूनला नाझीविरोधकांचा विभाग वेगळा काढावा लागला. कुंपणाच्या आत दुसरे कुंपण आले. कुटुंबे व जामिनावरची मंडळी ह्यांच्यासाठी सातारा आणि पुरंदर येथे केंद्रे होती. शिवकालीन तहाने प्रसिद्ध झालेला पुरंदर दुसऱ्या महायुद्धात युरोपीय बायकामुलांचा बंदिवास होता, ही गोष्ट त्या किल्ल्यावर जाणाऱ्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल?

आखणीच्या दृष्टीने ह्या साखळीतील डेहराडूनचे वर्णन उपयुक्त आहे, कारण ते आतून आलेले आहे. गिर्यारोहक हाइन्रिख हारर १९३९ मध्ये कराचीला पकडला गेला; अहमदनगर व देवळाली करीत तो डेहराडूनला पोहोचला. त्याच्या वर्णनानुसार तेथे सात मोठे विभाग होते, प्रत्येकाभोवती दुहेरी काटेरी तार, आणि सर्वांना मिळून बाहेरून आणखी दोन कुंपणे, ज्यांच्या मधून गस्त चाले. २९ एप्रिल १९४४ रोजी तो व त्याचे सोबती निसटले ते तार दुरुस्त करणाऱ्या मजुरांची टोळी असल्याचे सोंग करून. दोघांनी इंग्रज अधिकाऱ्यांचा वेष घेतला होता आणि बाकीच्यांच्या हाती तारेचे भेंडोळे होते. हारर स्वतः नाझी एस. एस. चा सभासद होता हे १९९७ साली उघड झाले. त्याचे पुस्तक वाचताना वाचकाची सहानुभूती कुंपणातल्या माणसाकडे आपोआप वळते. ती कोणाकडे वळली हे नंतर कळते. कुंपण माणसाला निर्दोष ठरवीत नाही, हे समीक्षकाने ध्यानात ठेवलेले बरे.

डाखाउ आणि डेहराडून ह्यांची आखणी कागदावर शेजारी ठेवली तर दिसणारे साम्य अस्वस्थ करणारे आहे: विभाग, तार, हजेरी, बराकीचा क्रमांक. फरक मात्र तितकाच मूलभूत आहे. डेहराडूनला रेडक्रॉस येई, पत्रे जात, अन्न मिळे, माणसे वाचली. म्हणून अहमदनगर किंवा डेहराडूनला 'छळछावणी' म्हणणे हा शब्दाचा अपव्यय होय, आणि डाखाउत मेलेल्यांचा अवमानही. परंतु तो शब्द नाकारल्यावर मराठीने तेथे दुसरा कोणता ठेवला? 'तुरुंग' नव्हे, कारण तेथे शिक्षा झालेली असते. 'नजरकैद' एकट्यादुकट्याची. कायद्याच्या भाषेत 'स्थानबद्ध' हा उत्तम शब्द आपल्याकडे आहे, पण तो मराठी वाचकाला रत्नागिरीतील सावरकरांची आठवण देतो, समूहाची देत नाही.

अहमदनगरच्या किल्ल्याबद्दल मराठीत जे लिहिले जाते ते बहुतेक ऑगस्ट १९४२ नंतरच्या बंदिवानांविषयी. काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सदस्य तेथे होते. नेहरूंनी १९४४ मध्ये 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तेथेच लिहिले, आझादांची 'गुबार-ए-खातिर'मधील पत्रे तेथलीच, आणि शंकरराव देव ह्यांच्यासारखे मराठी नेतेही त्या चौकात होते. ही आठवण मोठी आहे हे उघड आहे. परंतु तिच्या प्रकाशात त्याच गावातील बोअर, जर्मन आणि ज्यू बंदिवान दिसेनासे झाले. त्यांच्यासाठी शब्द नव्हता हे त्याचे एकमेव कारण नसेल. एक कारण निश्चित आहे.

आता जी गोष्ट सांगावयाची आहे ती आपल्या अधिक जवळची आहे. आफ्रिकेतील छावण्यांची कल्पना अवकाशातून पडली नव्हती. एडन फोर्थ ह्या इतिहासकाराने 'बार्ब्ड-वायर इम्पीरिअलिझम' (२०१७) ह्या ग्रंथात ती हिंदुस्थानातील दुष्काळी कामांच्या आणि प्लेगच्या छावण्यांशी जोडून दाखविली आहे. आफ्रिकेतील मृत्यूंचा बोभाटा झाल्यावर १९०२ च्या सुमारास तेथील व्यवस्था सुधारण्यासाठी जे अधिकारी पाठविले गेले त्यांत हिंदुस्थानात ह्याच कामाचा अनुभव घेतलेले होते. तो अनुभव पुण्यासारख्या शहरांचा होता. १८९७ च्या फेब्रुवारीत रँड ह्याच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. १३ मार्च ते १९ मे ह्या काळात गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर झडत्या घेत होत्या. रोग्याला इस्पितळात आणि त्याच्या घरच्यांना पहाऱ्यातील विलगीकरणाच्या जागी नेत होत्या. २२ जून रोजी रँडवर गणेशखिंडीत गोळी झाडली गेली, हा इतिहास मराठी मुलांना पाठ आहे. पण तो इतिहास आपण झडतीचा म्हणून सांगतो: देवघरात बूट, स्त्रियांची विटंबना, जाळलेले सामान. झडतीनंतर माणसे कोठे गेली, तेथे रांगा कशा होत्या, कोण मोजत होते, किती दिवसांनी सोडत होते, हे आपल्या कथनातून गळते. 'सेग्रिगेशन' हा परका शब्द त्या काळी घराघरांत गेला आणि साथीबरोबर निघूनही गेला; त्याच्या जागी मराठी शब्द उभा राहिला नाही.

येथे कोणी घाईने असा निष्कर्ष काढील की पुण्याचा प्लेग ही डाखाउची पूर्वतयारी होती. तसे म्हणणे अनैतिहासिक होईल. प्लेगच्या जागांचा हेतू, कितीही उद्धट रीतीने अमलात आणलेला असला तरी, रोग थांबविण्याचा होता. सांगावयाचे एवढेच, की 'वर्ग पाडा, यादी करा, उचला, कुंपणात ठेवा, हजेरी घ्या' ही कार्यपद्धती ज्या कार्यशाळांत घडली, त्यांपैकी एक पुणे जिल्हा होता.

सोलापूरचे उदाहरण ह्याहून स्पष्ट आहे. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले, आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून सोलापुरास तारेच्या कुंपणात त्यांची वसाहत झाली. आतल्या माणसाला हजेरी चुकविता येत नसे आणि परवान्याशिवाय बाहेर जाता येत नसे. देश स्वतंत्र झाल्यावर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा सर्वत्र संपुष्टात आला. हे युद्ध नव्हते, पण वर्गाच्या यादीवरून एकवटणे हे लक्षण तंतोतंत आहे. सरकारने त्याला 'सेटलमेंट' हे सौम्य नाव दिले. लोकांनी ते जसेच्या तसे घेतले आणि आजही सोलापुरात 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हा पत्त्याचा भाग आहे. 'फ्री' हे विशेषण तेथे का लागले, हे शब्दच सांगतो.

ह्या संदर्भात 'कोंडवाडा' ह्या शब्दाचा विचार करण्याचा मोह होतो. गावातील मोकाट गुरे जेथे अडकवून ठेवतात ती जागा. चौकशी नाही, गुन्ह्याची शहानिशा नाही, सापडले ते आत. दया पवार ह्यांनी १९७४ च्या आपल्या काव्यसंग्रहाला हेच नाव दिले, त्यामागे ही सारी जाण आहे. रचनेच्या दृष्टीने मूळ संज्ञेला इतका जवळचा दुसरा मराठी शब्द मला ठाऊक नाही. तरीही शास्त्रीय परिभाषेत तो घ्यावा असे मी म्हणणार नाही. आतल्या माणसाने स्वतःच्या स्थितीला कोंडवाडा म्हणणे निराळे, आणि बाहेरच्या अभ्यासकाने त्याला गुरांच्या जागी बसविणे निराळे.

आतल्या माणसाचा शब्द किती महत्त्वाचा असतो ह्याचा दाखला कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे मिळतो. १९४० व १९४१ मध्ये सोव्हिएट सत्तेने पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना सैबेरिया व कझाकस्तानात नेऊन टाकले. १९४१ च्या करारानंतर त्यांना जी सुटका मिळाली तिला अधिकृत भाषेत 'माफी' म्हणत, गुन्हा काय होता हे न सांगता. त्यांतील काही इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचले. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे मुलांना आश्रय दिला, आणि १९४३ पासून वळिवडे येथे सुमारे पाच हजारांची वस्ती झाली. त्यात बहुतेक स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. बराकींच्या सरळ रांगा, कुटुंबागणिक खोल्या, चर्च, शाळा, इस्पितळ, अनाथालय, नाटकांचा रंगमंच. कागदावर ही आखणीही बराकींच्या रांगांचीच आहे. कोल्हापूरकर तिला 'पोलिश कॅम्प' म्हणत. पोल लोक मात्र आपल्या भाषेतील 'ओबूझ', म्हणजे छावणी, हा शब्द टाळून 'ओशेद्ले', म्हणजे वसाहत, हा वापरीत. छावणी म्हणजे काय हे ते सैबेरियात पाहून आले होते, आणि वळिवडे ही ती नव्हे. येथे दार आतून उघडत होते, बाजारात जाता येत होते, पोलिश भाषेत शिकता येत होते. ज्यांना हा फरक अंगावर सोसून कळला होता त्यांनी तो नामात ठेवला. आपण त्यांच्याविषयी लिहिताना तो पुसून टाकतो. १९४८ पर्यंत बहुतेक पोल निघून गेले, आणि फाळणीने देशोधडीला लागलेले सिंधी त्याच बराकींत आले. आज ते गांधीनगर आहे. कल्याणच्या लष्करी छावणीचे १९४९ साली उल्हासनगर झाले, पण पत्त्यात 'कॅम्प नंबर चार' आणि बराकीचा क्रमांक अजून लिहितात. संज्ञा मरते तेव्हा तिचा नकाशा टपालात उरतो.

मुळशीत राहणाऱ्या माणसाला येथे एक विरोध जाणवल्यावाचून राहत नाही. ह्या खोऱ्यातील सुमारे पन्नास गावे धरणाखाली जाणार म्हणून १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला, तो अखेर मोडला आणि 'गावे उठली'. 'उठणे' हे क्रियापद अकर्मक आहे. कोणी उठविले ते त्यात नाही. त्या लोकांना कोणी एकवटले नाही, ते पांगले. एकवटलेल्यांची निदान यादी असते.

साहित्यसमीक्षेतील एक प्रमाद येथेच नोंदवावा. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'वर लिहिताना अलीकडचे विद्यार्थी हेर्टाच्या मागे सरसकट 'छळछावण्यांची पार्श्वभूमी' उभी करतात. ही कादंबरी १९३९ ची आहे. आउश्वित्झ १९४० चे, ट्रेब्लिंका १९४२ चे. 'रणांगण'मधील ज्यू प्रवासी बोटीवर आहेत. त्यांची कोंडी तारेने नव्हे, तर त्यांना उतरून न घेणाऱ्या बंदरांनी केली आहे. पुढचा इतिहास मागे नेऊन तेथे घातला की बेडेकरांना जे दिसले होते ते आपल्याला दिसत नाही: छावणी बांधली जाण्याआधी माणसाला सर्व जगाने बेवारस ठरविलेले असते. त्या अवस्थेलाही मराठीत अद्याप नीट नाव नाही. 'निर्वासित' हा शब्द फाळणीनंतर इतका निराळ्या अर्थाने भरला की तो तेथे मागे नेता येत नाही.

विभागातील प्रबंधिकांपुरते माझे सुचविणे असे आहे. 'छळछावणी' हा शब्द टाकून देऊ नये. तो रूढ आहे आणि डाखाउ, बुखनवाल्ड ह्यांच्यापुरता अर्थपूर्णही आहे. तो तेवढ्यापुरताच ठेवावा. ट्रेब्लिंका, सोबिबोर, बेल्झेक ह्यांसाठी 'छावणी' हे पद वर्ज्य करून 'संहारकेंद्र' म्हणावे. आउश्वित्झमध्ये दोन्ही गोष्टी शेजारी होत्या, म्हणून तेथे कोणत्या भागाविषयी बोलतो ते सांगावे. अहमदनगर, देवळाली, सातारा, पुरंदर आणि १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या भारतीयांना जेथे कोंडले ते राजस्थानातील देवळी, ह्यांना 'स्थानबद्धांची छावणी' म्हणावे. शब्द लांब आहे, पण माणसे त्यात पहिल्या पदी येतात. वळिवडेस 'वसाहत' म्हणावे, कारण तेथल्या माणसांनी तेच म्हटले. आणि जेथे सरकारी नाव सौम्य असेल, 'सेटलमेंट', 'सेग्रिगेशन', 'माफी', तेथे ते भाषांतरित न करता अवतरणचिन्हांत जसेच्या तसे द्यावे व पहिल्याच तळटीपेत कुंपण कोणी घातले होते, यादी कशावरून केली होती आणि दार कोणत्या बाजूने उघडत होते, ह्या तीन गोष्टी नोंदवाव्या.